जुन्या माउंटन बाइकचा बॉटम ब्रॅकेट बदलताना उजवीकडे पाना उलटा का फिरवायचा?

चढ लागतो, सीटवरून उठून पॅडलवर जोर दिला जातो आणि पायाखालून 'टक्... टक्...' असा आवाज सुरू होतो. सपाट रस्त्यावर तो गायब. काही आठवड्यांनी सपाट रस्त्यावरही ऐकू येऊ लागतो. मग पॅडल मारताना पायाखाली काहीतरी किंचित डुलतंय असं वाटायला लागतं.

सायकल दुकानात नेली की मेकॅनिक क्रँक धरून एकदा हलवतो आणि निकाल देतो, 'बीबी गेलाय.' त्यामागोमाग अनेकदा दुसरं वाक्य येतं, 'जुनी गाडी आहे, आता याचे पार्ट येत नाहीत.'

पहिलं वाक्य बहुधा बरोबर असतं. दुसरं बहुतेक वेळा चुकीचं. १९८० आणि १९९० च्या दशकांतल्या बहुतांश माउंटन बाइकना लागणारा बीबी, म्हणजे बॉटम ब्रॅकेट, आजही नवा बनतो आणि चांगल्या टायरच्या जोडीपेक्षा कमी पैशांत मिळतो. पार्ट मिळाला नाही म्हणून अशी सायकल सहसा भंगारात जात नाही. ती जाते जुना बीबी काढताना किंवा नवा बसवताना फ्रेमचे आटे खराब झाल्यामुळे. आणि आटे खराब होण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे पाना चुकीच्या दिशेने फिरवणं.

बीबी असतो कुठे?

सायकलच्या फ्रेममध्ये सीटखालचा दांडा, हँडलकडून खाली येणारा दांडा आणि मागच्या चाकाकडे जाणारे दोन दांडे जिथे एकत्र येतात, तिथे एक आडवी, आखूड नळी असते. तिला बीबी शेल म्हणतात. या नळीतून एक्सल आरपार जातो. एक्सलच्या दोन्ही टोकांना क्रँक, क्रँकच्या टोकाला पॅडल. एक्सल नीट फिरावा म्हणून दोन्ही बाजूंना छर्रे असतात आणि ते ज्या वाटीसारख्या तुकड्यात बसतात त्याला कप म्हणतात. कपच्या बाहेरच्या अंगाला आटे असतात, तसेच आटे शेलच्या आतून असतात. कप शेलमध्ये पिळून बसवायचा, एवढी साधी ही रचना आहे.

सायकलस्वाराचं सगळं बळ याच जागेतून चेनकडे जातं. त्यात ही जागा फ्रेममध्ये सगळ्यात खाली. चाकावरून उडालेला चिखल इथेच येतो, आणि सीटच्या दांड्यातून आत झिरपलेलं पावसाचं पाणीही शेवटी इथेच साठतं.

जुन्या माउंटन बाइकमध्ये बीबीचे मुख्यतः दोन प्रकार सापडतात. पहिला सुट्या छर्‍यांचा. दोन कप, मध्ये एक्सल आणि डाव्या कपवर एक खाचांची रिंग, जिला लॉकरिंग म्हणतात. १९८० च्या दशकातल्या सायकलींमध्ये बहुतेक वेळा हाच असतो. दुसरा सीलबंद, म्हणजे कार्ट्रिजचा. एक्सल आणि बेअरिंग एकाच डबीत बंद, खराब झाला की अख्खा बदलायचा. १९९० च्या दशकात तो सर्रास वापरात आला. दोन्हींत एक गोष्ट सारखी असते. एक्सलची टोकं चौकोनी आणि टोकाकडे निमुळती होत जाणारी असतात. क्रँकचं भोकही तसंच चौकोनी. बोल्ट आवळला की क्रँक पाचरीसारखा एक्सलवर चढतो आणि घट्ट बसतो.

आपल्याकडच्या काळ्या, दणकट सायकलींची पद्धत वेगळी आहे. त्यांत क्रँक आणि एक्सल यांच्यामध्ये कॉटर पिन ठोकलेली असते आणि हातोडीचे दोन-चार घाव हा कामाचाच भाग असतो. ती सवय घेऊन माउंटन बाइकला हात लावला की घोटाळा होतो. इथे हातोडीचं जवळपास काहीच काम नाही.

कॅलिफोर्नियाचा उतार आणि जपानचे कारखाने

माउंटन बाइकचा जन्म अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत झाला. १९७० च्या दशकात तिथले काही तरुण जुन्या, जाड टायरच्या श्विन सायकली डोंगरावर न्यायचे आणि मातीच्या वाटेने भरधाव खाली यायचे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे 'रिपॅक' ही शर्यत पहिल्यांदा झाली. उतारावर मागच्या चाकातला ब्रेक इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावं लागायचं. 'रिपॅक' हे नाव त्यावरूनच पडलं. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी या कामासाठी वेगळी फ्रेम बनवली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची 'स्टम्पजंपर' बाजारात आली आणि हातावर मोजता येतील इतक्या लोकांचा छंद दुकानात विकला जाऊ लागला.

स्टम्पजंपर अमेरिकन असली तरी तिच्या फ्रेम जपानमध्ये बनल्या होत्या. १९८२ मध्ये शिमानो या जपानी कंपनीने डोंगरासाठी 'डिओर एक्सटी' ही सुट्या भागांची मालिका काढली. म्हणजे माउंटन बाइकचा पाया जपानी कारखान्यांत घातला गेला, आणि जपानी कारखाने बीबीसाठी इंग्रजी पद्धतीचे आटे वापरत होते. हा योगायोग आजच्या सायकल मालकाच्या पथ्यावर पडला आहे. कॅलिफोर्नियाची असो, जपानची असो की तैवानची, त्या काळातल्या बहुतेक माउंटन बाइकमध्ये एकाच मापाचे आटे सापडतात.

या आट्यांचं नाव भारतीयांच्या चांगलंच ओळखीचं आहे. ते म्हणजे बीएसए.

होय, 'बीएसए एसएलआर'मधलंच बीएसए. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स ही १८६१ मध्ये इंग्लंडमधल्या बंदूक कारागिरांनी सुरू केलेली कंपनी. पुढे ती सायकली आणि मोटरसायकली बनवू लागली. तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केल्याचं चित्र ही तिची खूण होती. १९५७ मध्ये तिचा सायकल विभाग रॅले कंपनीकडे गेला. भारतात हे नाव टीआय सायकल्सच्या गाड्यांवर टिकून राहिलं आणि जगभर ते बीबीच्या आट्यांना चिकटून राहिलं. माप आहे १.३७ इंच व्यास आणि एका इंचात २४ आटे. कुठल्याही नव्या कार्ट्रिजवर '१.३७ × २४' असं कोरलेलं दिसलं तर तो बीएसए आट्यांचा बीबी आहे असं समजावं.

उजवीकडे उलटे आटे कशासाठी?

बीएसए पद्धतीत डाव्या बाजूचा कप नेहमीसारखा आहे. घड्याळाच्या दिशेने फिरवला की आवळतो, उलट फिरवला की सुटतो. उजव्या बाजूला, म्हणजे चेनच्या बाजूला, आटे उलटे असतात. तिथे घड्याळाच्या दिशेने फिरवलं की कप सुटतो.

गंमत अशी की पॅडलचं याच्या बरोबर विरुद्ध असतं. पॅडलमध्ये उलटे आटे डावीकडे असतात. ज्याने आयुष्यात एकदा तरी पॅडल बदललं आहे त्याच्या डोक्यात 'डावीकडे उलटं' हे पक्कं बसलेलं असतं आणि बीबी काढताना नेमकं तेच घात करतं.

आता हे असं का? घरातल्या दोन भांड्यांनी ते समजून घेता येतं. एका मोठ्या पातेल्यात स्टीलचा छोटा पेला उभा ठेवा. पेला पातेल्याच्या आतल्या भिंतीला टेकवून, भिंतीला चिकटून गडगडत गोल फिरवा. पेला पातेल्यात घड्याळाच्या दिशेने फेरी मारतो तेव्हा तो स्वतःभोवती मात्र उलट दिशेने फिरत असतो. पेल्यावर पेनने एक ठिपका काढला की हे स्पष्ट दिसतं.

बीबी शेल म्हणजे पातेलं आणि कप म्हणजे पेला. दोघांमध्ये फट जवळपास नसतेच, पण आट्यांत केसाएवढी मोकळीक राहतेच. उजवीकडून पाहिलं तर पॅडल मारताना एक्सल घड्याळाच्या दिशेने फिरतो. त्याच्याबरोबर छर्रेही कपात त्याच दिशेने गोल फिरतात आणि त्यांचा दाबही तसाच फिरत राहतो. या फिरत्या दाबाने कप पेल्यासारखा वागतो. तो अगदी सूक्ष्म प्रमाणात उलट दिशेने सरकू पाहतो. एका फेरीत हे सरकणं नगण्य असतं. पण एका तासाच्या सायकलिंगमध्ये पॅडलच्या काही हजार फेर्‍या होतात.

उजवीकडे नेहमीचे आटे असते तर हा कप हळूहळू सुटत गेला असता. आटे उलटे असल्यामुळे तेच सरकणं त्याला आवळत राहतं. हा निव्वळ तर्क नाही, याचा पुरावाही आहे. इटालियन पद्धतीच्या फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना नेहमीचेच आटे असतात, आणि चालता चालता उजवा कप सैल होणं ही त्या फ्रेमची जुनीच तक्रार आहे.

पॅडलच्या बाबतीत क्रँक स्वतः फिरतो आणि पायाचा दाब साधारण खालच्याच दिशेला राहतो. त्यामुळे क्रँकच्या नजरेतून दाब उलटा फिरतो आणि हिशेबही उलटा होतो. म्हणून पॅडलचे उलटे आटे डावीकडे.

पाठ करायचंच असेल तर घड्याळाच्या दिशेपेक्षा एक सोपी खूण आहे. सायकल चाकांवर उभी असताना पाना कपावर असा लावा की त्याचा दांडा सरळ वर, सीटच्या उंचीकडे जाईल. आता कुठल्याही बाजूचा कप असो, दांडा पुढच्या चाकाकडे ढकलला की कप सुटतो, मागच्या चाकाकडे ओढला की आवळतो. फक्त हे सायकल उभी असतानाच लागू होतं. सायकल सीट आणि हँडलवर उलटी ठेवली तर ही खूणही उलटी होते, आणि आपल्याकडे दुरुस्तीसाठी सायकल उलटी करायची पद्धत सर्रास आहे. त्यामुळे हे काम शक्यतो उभ्या सायकलवरच करावं.

खरंच बीबी गेलाय का?

आवाज आला की बीबीला दोष देणं सोपं असतं, पण फ्रेममधून आवाज कुठून कुठे पोहोचेल याचा नेम नसतो. सीटवरून उठल्यावर आवाज थांबत असेल तर दोषी बहुधा सीट किंवा सीटचा दांडा आहे. पॅडलचे कोरडे आटे आणि चेनव्हीलचे सैल बोल्टही अगदी बीबीसारखेच वाजतात. हे सगळं साफ करून, ग्रीस लावून आवळायला अर्धा तास पुरतो आणि खर्च जवळपास शून्य.

त्यानंतर क्रँकचं टोक धरून तो फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर हलवून पाहायचा. दोन्ही क्रँक एकत्र डुलत असतील तर बीबी झिजलाय. एकच क्रँक हलत असेल तर तो एक्सलवर सैल झालाय आणि हे जास्त गंभीर आहे, कारण क्रँक अ‍ॅल्युमिनियमचा आणि एक्सल पोलादी. सैल क्रँकवर सायकल चालवत राहिलं तर त्याचं चौकोनी भोक गोलसर होत जातं. असा क्रँक नव्या बीबीवरही टिकत नाही.

शेवटची चाचणी हाताची. चेन चेनव्हीलवरून खाली उतरवून ठेवायची, एक हात सीटखालच्या दांड्यावर ठेवायचा आणि दुसर्‍याने क्रँक हळू फिरवायचा. वाळू दळल्यासारखी खरखर दांड्यात जाणवली तर निदान पक्कं.

सुट्या छर्‍यांचा बीबी असेल तर तो बदलण्याआधी उघडून पाहणं शहाणपणाचं. कप आणि एक्सलवर छर्रे जिथे फिरतात तो पट्टा गुळगुळीत असेल तर नवे छर्रे आणि नवं ग्रीस एवढ्यावर काम भागतं. सहसा पाव इंचाचे छर्रे लागतात, प्रत्येक बाजूला ११. पण त्या पट्ट्यावर खड्डे पडले असतील तर छर्रे बदलून उपयोग नाही, महिन्याभरात खरखर परत येणार.

तीन मापं आणि एक फसवी जागा

नवा बीबी घेताना दुकानदाराला सायकलचं नाव सांगून फारसा फायदा होत नाही. मापं सांगावी लागतात.

पहिलं माप शेलच्या रुंदीचं. व्हर्नियर कॅलिपरने मोजलं तर जुन्या माउंटन बाइकमध्ये ते ६८ किंवा ७३ मिलिमीटर येतं. ७० आलं तर थांबा, फ्रेम इटालियन असू शकते. दुसरं आट्यांचं, जे वर सांगितलं. अमेरिकेतल्या क्लाइन किंवा मर्लिनसारख्या काही महागड्या जुन्या फ्रेममध्ये आटेच नसतात, बेअरिंग थेट दाबून बसवलेली असतात. तशी फ्रेम असेल तर हा सगळा मजकूर तिला लागू नाही.

तिसरं माप एक्सलच्या लांबीचं, टोकापासून टोकापर्यंत. माउंटन बाइकमध्ये ११०, ११३, ११८, १२२.५ मिलिमीटर असे आकडे सापडतात. फसवी जागा हीच. सुट्या छर्‍यांचे जुने एक्सल अनेकदा दोन्ही बाजूंना सारखे नसतात. उजवी बाजू थोडी लांब असते, कारण तिकडे तीन चेनव्हील मावायला हवीत. नवे कार्ट्रिज बहुधा दोन्हीकडे सारखे असतात. त्यामुळे जुन्या एक्सलची एकूण लांबी मोजून तेवढाच नवा घेतला तर चेनव्हील आत सरकतात, सगळ्यात छोटं चेनव्हील फ्रेमला घासू शकतं आणि पुढचा गिअर नीट पडत नाही.

म्हणून जुना बीबी काढण्याआधीच एक माप घेऊन ठेवावं, फ्रेमच्या मध्यरेषेपासून मधल्या चेनव्हीलपर्यंतचं अंतर. याला चेनलाइन म्हणतात. त्या काळातल्या तीन चेनव्हीलच्या माउंटन बाइकमध्ये ते साधारण ४७.५ मिलिमीटर असतं. सारख्या बाजूंच्या एक्सलची लांबी ५ मिलिमीटरने वाढवली तर चेनव्हील अडीच मिलिमीटरने बाहेर जातात. एवढा हिशेब जमला की योग्य लांबी निवडता येते.

चौकोनी टोकांचेही दोन प्रकार आहेत, जपानी जेआयएस आणि युरोपातला आयएसओ. दोन्हींचा उतार सारखा, पण टोकाची जाडी किंचित वेगळी. जपानी क्रँक आयएसओ एक्सलवर चढवला तर तो गरजेपेक्षा खूप आत जातो. जुन्या माउंटन बाइकचे क्रँक बहुतेक जपानी असल्याने जेआयएसच घ्यायचा. शिमानोच्या जुन्या यूएन मालिकेची जागा घेणारा यूएन३०० याच प्रकारचा आहे.

विसरलेला वॉशर

क्रँक काढायला क्रँक पुलर लागतो. त्याशिवाय हे काम करूच नये, हातोडीने ठोकून तर नाहीच. आधी क्रँकचा बोल्ट काढायचा. बोल्टमागे अनेकदा एक सुटा वॉशर असतो आणि ग्रीस-मातीत तो दिसत नाही. तो आतच राहिला आणि पुलर फिरवला, तर पुलर एक्सलला ढकलण्याऐवजी वॉशरला ढकलतो. क्रँक तर निघत नाहीच, उलट त्याचे मऊ अ‍ॅल्युमिनियमचे आटे उपटून बाहेर येतात. घरी बीबी बदलायला घेतलेल्यांच्या सायकली नंतर दुकानात येतात, त्यातल्या बर्‍याच याच कारणाने.

पुलर क्रँकच्या आट्यांत बोटांनीच, पूर्ण खोलवर बसवायचा. दोन-तीन आट्यांवरच अडकवून जोर लावला तरी परिणाम तोच. नीट बसला असेल तर पाना फिरवताना बराच जोर लागतो, मग एकदम 'कट्' होतं आणि क्रँक हातात येतो.

गंजलेला कप निघतच नाही तेव्हा

कार्ट्रिजच्या कपात आतून दाते असतात, त्यात बसणारं खास टूल मिळतं. सुट्या छर्‍यांच्या प्रकारात डावीकडे लॉकरिंगचा पाना आणि उजव्या कपाला बहुतेक वेळा ३६ मिलिमीटरचा चपटा पाना लागतो. दोन्ही प्रकारांत सुरुवात डावीकडून करायची.

पंधरा-वीस वर्षं हात न लागलेला कप पहिल्या झटक्यात निघेल ही अपेक्षा नको. गंज सोडवणारं तेल शेलच्या दोन्ही कडांना आणि शक्य असेल तर सीटच्या दांड्यातून आत सोडायचं आणि सायकल रात्रभर ठेवून द्यायची. घाई असेल तर हे काम दुसर्‍या दिवशी काढावं, त्याच दिवशी नाही. टूल कपातून निसटू नये म्हणून मोठा वॉशर लावून ते एक्सलच्या बोल्टनेच एक्सलला जखडून ठेवता येतं. कपाचे दाते मोडतात ते बहुतेक वेळा टूल तिरकं होऊन निसटल्यामुळेच. पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवला की हातातला जोर वाढतो. आणि जोर लावण्याआधी दिशा पुन्हा एकदा तपासायची. लांब पाइप लावून उजवा कप चुकीच्या दिशेने फिरवणं म्हणजे गंजलेल्या कपाला आणखी आवळणं, आणि त्यानंतर तो खरोखरच निघेनासा होतो.

मेकॅनिककडे बाकावर पक्का बसवलेला व्हाइस असेल तर टूल त्यात धरून अख्खी फ्रेमच फिरवतात. फ्रेमच मोठ्या दांड्यासारखी काम करते.

कप निघाल्यावर फ्रेम तिरकी करून पाहावी. गंजाचं लालसर पाणी बाहेर आलं तर आश्चर्य वाटायला नको. शेलच्या खाली पाणी जायला छोटं भोक असेल तर ते बुजलंय का तेही बघावं. आटे रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने स्वच्छ करून उजेडात नीट पाहायचे. किरकोळ खराब झालेले आटे टॅप फिरवून सुधारता येतात, पण त्यासाठी उलट आणि सुलट अशा दोन टॅपची जोडी लागते. प्रत्येक दुकानात ती नसते. फोन करून विचारूनच जावं.

आटे पूर्ण गेले असतील तरी फ्रेम लगेच टाकून द्यायचं कारण नाही. आट्यांशिवाय, दोन्ही बाजूंनी शेलमध्ये आवळून बसणारे थ्रेडलेस बीबी मिळतात. ते महाग पडतात आणि नीट बसले नाहीत तर आवाज करतात, पण चांगली पोलादी फ्रेम वाचत असेल तर तो सौदा वाईट नाही.

बसवताना बोटांवर विश्वास

नव्या बीबीच्या आट्यांना भरपूर ग्रीस लावायचं. कपावर 'एल' आणि 'आर' लिहिलेलं असतं, ते बघायचं. बहुतेक कार्ट्रिजमध्ये मुख्य डबी उजवीकडून आत जाते, म्हणजे पुन्हा उलट दिशेने.

पहिले तीन-चार फेरे टूल न लावता, फक्त बोटांनी. बोटांनी फिरत नसेल तर कप तिरका लागलाय किंवा आटे खराब आहेत. काढून पुन्हा सरळ लावायचा. इथे पान्याची ताकद वापरली तर पोलादी कप फ्रेममध्ये स्वतःचे नवे, वाकडे आटे पाडत जातो आणि तिथून फ्रेमचे जुने आटे परत येत नाहीत.

कप कडेपर्यंत गेला की आवळण्याचा जोर. शिमानोच्या कार्ट्रिजसाठी तो ५० ते ७० न्यूटन मीटर आहे. टॉर्क रेंच नसेल तर अंदाज असा की ३० सेंटिमीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला १७ ते २४ किलो वजन टांगल्याएवढा जोर. तो वाटतो त्यापेक्षा बराच जास्त असतो. घरी केलेल्या कामात बीबी सैल राहण्याचं प्रमाण म्हणूनच मोठं. सुट्या छर्‍यांच्या प्रकारात मात्र डावा कप एवढा आवळायचा नसतो. तो डुलणं थांबेल पण एक्सल मोकळा फिरेल इतपत आणून लॉकरिंगने जखडायचा. लॉकरिंग आवळताना कपही थोडा फिरतो, त्यामुळे पहिल्याच प्रयत्नात हे जमलं तर नशीबच.

एक्सलच्या चौकोनी टोकांना ग्रीस लावावं की कोरडं ठेवावं यावर मेकॅनिक मंडळींमध्ये वर्षानुवर्षं वाद आहे आणि तो मिटण्याची चिन्हं नाहीत. टोकं स्वच्छ हवीत यावर मात्र दोन्ही बाजूंचं एकमत आहे. क्रँकचा बोल्ट साधारण ३५ ते ५० न्यूटन मीटरपर्यंत आवळायचा आणि पहिल्या एक-दोन फेर्‍यांनंतर एकदा तपासायचा. त्यानंतर खात्रीसाठी म्हणून दर आठवड्याला तो आवळत बसू नये. निमुळत्या टोकावर क्रँक प्रत्येक वेळी थोडा आणखी आत चढत जातो, आणि शेवटी त्याच्या चौकोनी भोकाच्या कोपर्‍याला चीर पडते.